पंडिता रमाबाई : दुष्काळातून अनंताकडे





या अंकात आम्ही पंडिता रमाबाई यांचे चरित्र सांगणार आहोत. रमाबाई म्हटले की विधवांसाठी काढलेले शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि १९८९ साली भारत सरकारने काढलेले टपाल तिकीट, एवढे सर्वांना आठवते. परीक्षेला तेवढे पुरतेही. परंतु वयाचे चोविसावे वर्ष पुरे होण्याआधी जिने वडील, आई, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे गमावली, ती बाई पुढची चाळीस वर्षे कशाच्या बळावर उभी राहिली, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. त्याचे उत्तर त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेत आहे, विशेषतः मरणापलीकडच्या जीवनाविषयी त्यांना वाटणाऱ्या आशेत आहे. आपल्या शाळेत सर्व धर्मांची मुले शिकतात. कोणाला कोणत्या धर्माकडे वळवावे असा आमचा मुळीच हेतू नाही. पण रमाबाईंचे चरित्र सांगायचे आणि त्यांची श्रद्धा तेवढी वगळायची, हे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हा विषय आताच का घेतला, तेही सांगतो. २०१९ चा महापूर आणि त्यामागोमाग आलेला कोविड यांनी आपल्या भागातील पुष्कळ घरांना दुःख दिले. कोणाचे आजोबा गेले, कोणाची आई गेली. लहान मुले वर्गात अचानक विचारतात की गेलेले माणूस कुठे जाते. गणित चुकले तर शिक्षक फळ्यावर सोडवून दाखवतो, येथे मात्र खडू हातातच राहतो. रमाबाईंना हा प्रश्न तुमच्याएवढ्या वयातच पडला होता.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या मराठी चित्पावन घराण्यातले. आपणां सीमाभागातील लोकांना हे वेगळे सांगायला नको, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड हे त्यांचेही जीवन होते. अनंतशास्त्री पुण्यात शिकत असताना त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवताना पाहिले आणि आपल्या घरातील स्त्रीनेही शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले. त्याबद्दल पंडितांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला आणि तो त्यांनी शास्त्राचे आधार देऊन दिला. मग ते सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात आश्रम करून राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

त्या सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून एका माणसाच्या डोक्यावर दिले होते. त्यानंतर घर असे राहिलेच नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण वाचायचे, मिळालेल्या दक्षिणेतून दानधर्म करायचा, उरेल त्यात राहायचे आणि पुढे चालू लागायचे. आई पहाटे उठवून मुलीचा पाठ घेई. अशा चालत्या शाळेत बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले. विद्यार्थी मित्रांनो, एक कविता पाठ करायला सांगितली तर तुमचे चेहरे कसे होतात ते आम्ही रोज पाहतो, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

मग दुष्काळ आला. १८७० च्या दशकात मद्रास इलाखा आणि त्याच्या आसपासचा मुलूख अन्नावाचून पोळून निघाला. शास्त्रीबुवांनी जवळचे सगळे देवधर्मात आणि दानात घालवले होते. मुलांना श्लोक येत होते, पण पोट भरण्याचा कोणताही धंदा येत नव्हता आणि भीक मागणे मनाला पटत नव्हते. भांडी गेली, चांगले कपडे गेले. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील वृद्ध होते, डोळ्यांनी अधू झाले होते. उपासमारीने मरण्यापेक्षा पवित्र जलात देह सोडावा असे त्यांनी ठरवले होते. तेवढ्यात मुलगा श्रीनिवास म्हणाला की मानमर्यादा बाजूला ठेवून मी मजुरी करीन, आणि तो विचार मागे पडला. परंतु शरीर इतके झिजले होते की थोड्याच दिवसांत तापाने वडील गेले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले. तिला त्यांनी देवाच्या हाती सोपवले आणि आयुष्यभर सचोटीने वागून देवाचीच सेवा कर असे सांगितले.

काही आठवड्यांनी रायचूरला आई अंथरुणाला खिळली. तापात ती खायला मागत होती. रमाबाई शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, पण मागण्याचा शब्द तोंडातून फुटेना, नुसते अश्रू वाहू लागले. त्या बाईंनी ओळखले आणि बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन त्या धावत आल्या, पण आईला घास गिळण्याची शक्ती उरली नव्हती. आई गेल्यावर तिरडीला खांदा द्यायलाही माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या असल्यामुळे तिरडी खांद्यावर बसेना, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंतची लांबची वाट चालल्या. रायचूर आपल्याच राज्यातले. त्या गावावरून रेल्वेने जाताना हे लक्षात असावे म्हणून आम्ही येथे थोडे थांबलो.

थोरली बहीण कृष्णाबाई काही काळाने पटकीने गेली. बहीणभाऊ दोघेच उरले. दक्षिणेकडून निघून थेट उत्तरेत झेलम नदीपर्यंत ते पायी गेले. पांघरूण नव्हते, थंडी हाडे फोडणारी. रात्री नदीकाठच्या वाळूत दोन खड्डे खणायचे, त्यांत आडवे व्हायचे आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. जिवंतपणी स्वतःला पुरून घेऊन जगलेली ही मुले होती. सांगितलेली व्रते, स्नाने, उपवास सर्व त्यांनी मनापासून केले होते. आईवडील वाचले नाहीत, तेव्हा या सगळ्याचे फळ काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वर्तमानपत्रांत नाव आले, सभा गाजल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचवले. रमाबाईंनी धर्मशास्त्रेही वाचली. पुरुषाला मोक्षाच्या अनेक वाटा दिसत होत्या, स्त्रीला मात्र पतिसेवेवाचून वाट नाही असे त्यांना त्या ग्रंथांतून दिसले. आपली आई तर एवढी शिकलेली आणि भक्तिमान. तिचे काय? त्यांनी शास्त्रांवर पुढे केलेली टीका पुष्कळांना फार कडक वाटली, आजही वाटते, आणि तिचे उत्तर देणारेही विद्वान होऊन गेले. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. मात्र तो प्रश्न रायचूरच्या स्मशानातून आलेला होता, हे टीका वाचताना ध्यानात असू द्यावे.

१८८० साली ढाक्यात श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. आसामात सिल्चरला संसार मांडला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी मनोरमा झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबू गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. याच घरात पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले होते आणि त्या ते आवडीने वाचू लागल्या होत्या.

पुढचा भाग तुम्हांला बराचसा माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने तो बेत राहिला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक घर होते. ज्यांना सगळे जग टाकून देते अशा बायकांशी कोणी इतक्या मायेने वागते, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. याचे कारण त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ज्या बाईशी तिच्या गावचे लोकही नीट बोलत नसत, तिलाच येशूने जीवनाच्या पाण्याविषयी आणि सार्वकालिक जीवनाविषयी सांगितले, अशी ती गोष्ट आहे. लहानपणापासूनचा रमाबाईंचा प्रश्न हाच होता. येथे त्यांना त्याचे उत्तर मिळाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

तरी त्यांचे मन लगेच स्थिर झाले असे समजू नये. बुद्धीला एखादी गोष्ट पटते आणि मनाला ती आधार देते, यांत अंतर असते. १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त मात्र अजून आपल्याला सापडायचा आहे. त्यानंतर आलेली शांती पुढे ढळली नाही, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे. वडिलांविषयीही त्यांनी फार हळुवारपणे लिहिले. ज्याला आपण नावाने ओळखत नव्हतो त्याच देवाची वडिलांनी सर्व शक्तीने सेवा केली, असा त्यांचा भाव होता. वडिलांची अखेरची आज्ञा त्यांनी जन्मभर जपली. धर्म बदलला तरी लेकीने बापाला परके केले नाही, हे आम्हांला या चरित्रातील सर्वांत मोठे स्थळ वाटते.

अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि पुस्तक लिहून त्यांनी मदत मिळवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई नातू, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठले, केसरीने कठोर टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा विश्वास जाणे म्हणजे काय, हे शाळा चालवणाऱ्याला कळते. आमचे मत विचाराल तर त्या वादात दोन्ही बाजूंना काही प्रमाणात बरोबर म्हणता येईल. मुलींना घरच्या धर्माप्रमाणे वागू देण्याचे वचन होते, आणि रमाबाईंना स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार बंद करणे शक्य नव्हते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. तिकडे जायला रमाबाईंचे मन प्रथम धजेना, कारण स्वतःचे जुने दिवस पुन्हा डोळ्यांपुढे येणार होते. तरीही त्या गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन परतल्या. इकडे पुण्यात प्लेग सुरू झालेला. शहरात नव्या मुली ठेवण्यास बंदी झाली, तेव्हा केडगावला घेतलेल्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभारून त्यांनी मुलींना नेले. तेच मुक्ती सदन. मुक्ती हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो, बंधनातून सुटका आणि मरणानंतरचा मोक्ष. रमाबाईंनी तो दोन्ही अर्थांनी वापरला असावा असे आम्हांला वाटते.

परलोकावर दृष्टी ठेवणारा माणूस इहलोकाकडे पाठ फिरवतो, असा एक समज आहे. रमाबाईंकडे पाहिले तर तो टिकत नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील कारभारामुळे स्त्रियांचे कसे हाल होतात, हे त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघड केले. खुद्द मुंबईच्या गव्हर्नरांना त्यावर खुलासा करावा लागला. मुलींना त्यांनी स्वर्गाची गोष्ट सांगितली आणि त्याचबरोबर शेती, गुरे राखणे, तेलाचा घाणा, शिवण, विणकाम आणि छपाई शिकवली. विणकामाचे महत्त्व शहापुरात आम्ही काय सांगावे, येथे घरोघरी मागाच्या आवाजात मुले लहानाची मोठी झाली. हातात कसब नसलेला माणूस दुष्काळात कसा मरतो, हे त्यांनी आपल्या वडिलांच्या घरात पाहिले होते. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीत सुमारे दोन हजार स्त्रिया आणि मुले झाली.

आणलेल्या सगळ्याच मुली वाचल्या नाहीत. उपासमारीने पोखरलेली शरीरे अन्न मिळाल्यावरही साथ देत नसत. अशा मुलींच्या उशाशी बसणाऱ्या बाईने स्वतःच्या आईला असेच जाताना पाहिले होते. फरक एवढाच की रायचूरला हातात भाकरी होती आणि सांगायला काही नव्हते. येथे त्या मुलीला सांगू शकत होत्या की तू टाकलेली नाहीस, तुझ्यासाठी पुढे घर आहे. या बोलण्याने मरण टळत नसे. पण मरणारी मुलगी एकटी राहत नसे, आणि उशाशी बसणारीही सकाळी उठून पुन्हा चुलीकडे, वर्गाकडे जाऊ शके.

मनोरमा शिकून परत आली आणि आईचा उजवा हात झाली. तिने शारदा सदनची शाळा सांभाळली, ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचायला शिकवले, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली. गुलबर्ग्याला, म्हणजे आताच्या कलबुर्गीला, मुलींची शाळा काढण्यातही तिचा पुढाकार होता. आपल्यानंतर मुक्ती हिच्या हाती, असे रमाबाईंनी धरलेच होते. पण २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी मनोरमा गेली. सहावे आणि शेवटचे माणूस. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, जवळजवळ पूर्ण बहिऱ्या, स्वतः आजारी.

त्यांच्या टेबलावर एक काम उरले होते. सुमारे १९०५ पासून त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. त्यासाठी उतारवयात त्या या दोन्ही भाषा शिकल्या. प्रचलित भाषांतर खेड्यातल्या बायकांना समजत नाही अशी त्यांची तक्रार होती. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने संस्कृत शब्द बाजूला सारून साधी बोली निवडली. आमचे स्वतःचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. जड मराठी ग्रंथ समोर आला की शब्दाशब्दाला कसे अडखळायला होते ते आम्हांला ठाऊक आहे, त्यामुळे या मेहनतीचे मोल आम्ही जाणतो. आपल्या बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५७ साली, रमाबाईंच्या जन्माच्या आदल्या वर्षी, यमुनापर्यटन या कादंबरीत विधवांचे दुःख मराठीत मांडले होते. त्याच विधवांच्या हाती रमाबाईंना हा ग्रंथ द्यायचा होता, तोही त्यांच्या भाषेत.

लेक गेल्यावरही त्या मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटची पाने राहिली असताना त्यांची शक्ती संपत आली. काम पुरे होण्यासाठी त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले आणि ते मिळाले, असे मुक्तीत सांगितले जाते. अखेरचे मुद्रित तपासून झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे देहावसान झाले.

बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यात छापून पूर्ण झाले. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्या बायकामुलींनी केले. त्यांतल्या कित्येकजणी दुष्काळातून आल्या होत्या आणि अक्षर प्रथम तेथेच शिकल्या होत्या.